शेक, आतडं आणि नर्व्ह: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन, म्हणजे कॅन्सरवरचे शेक, घेताना होणाऱ्या जुलाबांवर एक छोटी चौकट दिली होती. त्यात शेवटी जाता जाता लिहिलं होतं की या सगळ्यात आतड्यातल्या संवेदनेच्या नर्व्हचाही हात असतो. बाकीची चौकट बहुतेक कुणी वाचली नसावी, कारण पत्रं आली ती सगळी या एका वाक्यावर! म्हणून यावेळी सगळं सदर त्यालाच दिलंय. नावं अर्थातच छापत नाही.

प्रश्न: आईला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी शेक चालू आहेत. पहिले दोन आठवडे काहीच त्रास नव्हता, आम्ही म्हटलं सुटलो, आणि तिसऱ्या आठवड्यात एकदम जुलाब आणि पोटात कळा. तुमचं वाक्य वाचून ती म्हणते माझ्या नर्व्ह जळल्या. खरं आहे का हे?

नाही, जळल्या नाहीत, आईंना आधी हे सांगा. रेडिएशनचा मोठा फटका बसतो तो सतत विभागणाऱ्या पेशींना आणि लहान आतड्याचं आतलं अस्तर हे अंगातल्या सगळ्यात भराभर बदलणाऱ्या भागांपैकी एक आहे, साधारण ३ ते ५ दिवसांत जुन्या पेशी गळून नव्या येतात. या नव्या पेशी तयार होतात अस्तरातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी, त्या खळग्यांना क्रिप्ट म्हणतात, आणि तिथल्या स्टेम सेलवर शेकाचा परिणाम होतो. नर्व्हच्या पेशी विभागतच नाहीत त्यामुळे त्या तितक्या लवकर मरत नाहीत. शिवाय संवेदनेच्या या नर्व्हची आतड्यात असतात ती नुसती टोकं. मूळ पेशी कुठे तर पाठीच्या कण्याला लागून असलेल्या गाठींमध्ये, आणि व्हेगस नावाच्या मोठ्या नर्व्हच्या बाबतीत तर चक्क मानेत वर, कवटीच्या बुडाशी.

आता तिसरा आठवडाच का? रोजचा डोस साधारण १.८ ते २ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक) असतो, आठवड्यातून ५ दिवस, आणि एकूण ४५ ते ५० ग्रे पाचेक आठवड्यांत दिले जातात. प्रत्येक दिवशी थोड्या क्रिप्ट पेशी कमी होतात, अस्तर काही दिवस जुन्या मालावर चालून जातं, मग माल संपतो. अस्तरावरचे बोटासारखे बारीक उंचवटे आखूड होतात, पाणी आणि पित्तातले क्षार नीट शोषले जात नाहीत, जुलाब लागतात. आणि इथे नर्व्ह येतात चित्रात. त्यांची टोकं अस्तराच्या अगदी खालच्या थरात असतात, वरचं पांघरूण पातळ झालं आणि सूज आली की ती चाळवतात, नेहमीची आतड्याची हालचालसुद्धा कळ म्हणून जाणवायला लागते.

शेक संपल्यावर बहुतेकांचं हे काही आठवड्यांत ओसरतं. पण ताप आला, शौचातून रक्त पडलं, लघवी खूपच कमी झाली किंवा पोट फुगून उलट्या होतायत आणि गॅसही पास होत नाही असं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न: मी फिजिऑलॉजी शिकतोय. संवेदी नर्व्ह म्हणजे मेंदूकडे बातमी पोचवणारी, बरोबर? मग ती आतड्याचं नुकसान कमीजास्त कसं करेल? बातमी देणाऱ्याने घर कसं बांधायचं किंवा पाडायचं?

प्रश्न फर्स्ट क्लास आहे. उत्तर थोडं लांबेल.

पुस्तकात बाण एकाच दिशेला काढलेला असतो, आतड्याकडून मेंदूकडे. प्रत्यक्षात हे तंतू दोन्ही टोकांनी काम करतात. टोक चाळवलं की सिग्नल वर तर जातोच, पण त्याच वेळी त्याच टोकातून, किंवा शेजारच्या फांदीतून, काही छोटी प्रथिनं तिथल्या तिथे बाहेर पडतात. मेंदूला विचारायची गरजच नाही. कातडीवर ओरखडा काढला की आजूबाजूला लाली पसरते ना, ती बऱ्याच अंशी याच वाटेने येते. आतड्यात यातली दोन प्रथिनं महत्त्वाची, एक सबस्टन्स पी आणि दुसरं सीजीआरपी. सीजीआरपी रक्तवाहिन्या जोरदार रुंद करतं, म्हणजे रक्तपुरवठा वाढतो. सबस्टन्स पी बारीक रक्तवाहिन्यांना गळकं करतं आणि सुजेच्या पेशींना आमंत्रण देतं. आणि या टोकांना अगदी खेटून बसलेल्या असतात मास्ट सेल, ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या त्याच. नर्व्ह मास्ट सेलला चेतवते, मास्ट सेलमधून निघणारी रसायनं उलट नर्व्हला चेतवतात, असं दोघांचं आपसात चाललेलं असतं.

आता रेडिएशन. यावरचं बरंच मूळ काम अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत मार्टिन हाउअर-येन्सन यांच्या गटाने केलं. २००६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा उंदरांवरचा प्रयोग मला फार आवडतो कारण त्याचं उत्तर सरळ हो किंवा नाही असं आलंच नाही. त्यांनी काही उंदरांना कॅप्सेसिन दिलं, हे मिरचीतलं तिखट द्रव्य, मोठ्या डोसात दिलं की या जातीच्या संवेदी नर्व्ह निकामी होतात. मग दोन आठवडे थांबून लहान आतड्याच्या ठराविक तुकड्यावर एक्स-रे सोडले आणि आतडं दोन वेळा तपासलं, २ आठवड्यांनी आणि २६ आठवड्यांनी.

२ आठवड्यांनी काय दिसलं तर नर्व्ह नसलेल्या उंदरांचं आतडं कितीतरी जास्त खराब होतं, अस्तराचा पृष्ठभाग घटलेला, सूज जास्त, भिंत जाड. म्हणजे नर्व्ह राखण करत होती. इथेच थांबलं असतं तर किती सोपं झालं असतं. पण २६ आठवड्यांनी उलटं, ज्यांच्या नर्व्ह काढून टाकल्या होत्या त्यांच्या आतड्यात कोलॅजन, म्हणजे व्रणातलं धाग्यांचं प्रथिन, कमी साठलं होतं आणि टीजीएफ बीटा, म्हणजे जखमेचा व्रण घट्ट करायला लावणारा रेणू, तोही कमी होता. म्हणजे तीच नर्व्ह सुरुवातीला अस्तर वाचवते आणि पुढे काही महिन्यांनी आतडं कडक करायला हातभार लावते!

पुढची गंमत अशी की त्यांनी हेच जन्मतः मास्ट सेल नसलेल्या उंदरांवरही करून पाहिलं. तिथे नर्व्ह काढल्यावर अस्तराचं नुकसान वाढलं, बाकी कशातच फरक पडला नाही. याचा अर्थ अस्तर सांभाळायचं काम नर्व्ह स्वतःच्या जोरावर करते, पण सूज, भिंतीचा जाडपणा, कोलॅजन या भानगडीत तिला मास्ट सेलची साथ लागते. तुमच्या भाषेत सांगायचं तर बातमीदाराचे गवंड्याशीही संबंध आहेत आणि पाडकाम करणाऱ्याशीही.

परीक्षेत हे लिहायचं असेल तर एक धोक्याची सूचना देतो. आणखी एक गोष्ट याच प्रयोगात होती, कॅप्सेसिन दिलेल्या उंदरांमध्ये रेडिएशनच्या आधीच क्रिप्टमधल्या पेशींची वाढ मंदावलेली होती आणि मास्ट सेलही घटलेल्या होत्या. म्हणजे नर्व्ह गेली की आतडं पहिल्यापासूनच थोडं कमी तयारीत असतं. सगळा हिशोब रेडिएशननंतरच्या घडामोडींवर टाकू नका.

प्रश्न: सबस्टन्स पी आणि सीजीआरपी यांतलं चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं? (हा प्रश्न त्याच विद्यार्थ्याच्या मैत्रिणीचा, दुसऱ्या पाकिटात आला!)

याच गटाने त्याच वर्षी हेही पाहिलं होतं. उंदरांना सीजीआरपी दिलं तर रेडिएशनचं नुकसान कमी, त्याला अडवणारं औषध दिलं तर जास्त. सबस्टन्स पीचं बरोब्बर उलटं, ते दिलं तर नुकसान वाढतं आणि त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरची त्याची बसायची जागा, अडवला तर कमी होतं. म्हणजे सीजीआरपी नायक, सबस्टन्स पी खलनायक, असं वाटतं खरं.

पण शिक्का मारायची घाई नको. २०२२ साली सेल या नियतकालिकात उंदरांवरचेच दोन वेगळे अभ्यास आले, रेडिएशनचे नाहीत, पण आतड्यातल्या याच नर्व्हवरचे. एकात दिसलं की सीजीआरपी आतड्यातल्या गॉब्लेट पेशींना चिकट म्युकस सोडायला लावतं, म्हणजे अस्तरावरचं संरक्षक आवरण जाड होतं. हे पहिल्या चित्राशी जुळतं. दुसऱ्यात मात्र मोठ्या आतड्याच्या सुजेपासून बचाव करण्यात या नर्व्हमधला सबस्टन्स पीच कामाला आला, आतड्यातल्या जिवाणूंची घडी नीट ठेवून. तेव्हा इजा कसली, किती दिवसांची आणि आतड्याचा भाग कोणता यावर रेणूची वागणूक बदलते असंच म्हणावं लागतं.

प्रश्न: कॅप्सेसिन म्हणजे मिरचीच ना? मग शेक चालू असताना तिखट खाऊन नर्व्ह बधिर करता येतील का? निदान नंतर आतडं कडक तरी होणार नाही. मी तसाही तिखटाचा भोक्ता आहे.

कृपा करून करू नका. प्रयोगात उंदरांना नर्व्ह निकामी होईपर्यंत औषध म्हणून मोठा डोस दिला होता, जेवणातल्या मिरचीने तसं होत नाही. ही युक्ती जुनी आहे, हंगेरीचे मिक्लोश यान्चो यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं होतं की कॅप्सेसिन पुन्हा पुन्हा मोठ्या प्रमाणात दिलं की प्राण्याच्या वेदनेच्या या नर्व्ह प्रतिसाद देईनाशा होतात. पण त्याच्या आधी त्या भयंकर चेकाळतात, आणि जेवणातलं तिखट तुम्हाला नेमकं त्याच टप्प्यात सोडतं. कॅप्सेसिन नर्व्हच्या टोकावरच्या ज्या दारावर टकटक करतं ते टीआरपीव्ही१, १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या लॅबने शोधलं आणि २०२१ चं नोबेल त्यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासोबत मिळालं. हेच दार साधारण ४३ अंशांच्या पुढच्या उष्णतेनेही उघडतं, म्हणून तिखट हे गरम लागतं. ही दारं तोंडापासून गुदद्वारापर्यंत आहेत. सुजलेल्या अस्तरावरून तिखट गेलं तर आग, कळा आणि संडासला जाताना जळजळ, तिन्ही मिळतील.

आणि तुमच्या युक्तीतला खरा घोळ हा की नर्व्ह बधिर झाल्या असत्या तरी त्याच उंदरांचं सुरुवातीचं नुकसान वाढलं होतं, तेवढं तुम्ही सोयीस्कर विसरलात. शेक संपून पोट शांत झालं की तिखट हळूहळू परत सुरू करून बघा.

प्रश्न: वडिलांना पोटाच्या वरच्या भागाला शेक देतात. जुलाब वगैरे नाहीत, पण मशीनवरून उतरल्यावर तास दोन तासांत मळमळ आणि उलटी. एवढ्या लवकर अस्तर कसं खराब होईल?

अस्तर नाही, ही सरळ नर्व्हची गोष्ट आहे. आतड्याच्या अस्तरात एन्टेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात, शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन (निरोप पोचवणारं एक रसायन) त्यांच्याकडे. रेडिएशन लागलं की त्या सेरोटोनिन सोडतात, ते व्हेगसच्या टोकांवरच्या ५-एचटी३ रिसेप्टरवर बसतं आणि थेट मेंदूच्या खोडापर्यंत बातमी जाते की पोटात विष गेलंय, बाहेर काढा. व्हेगसमधले बहुतांश तंतू हे असे पोटाकडून वर जाणारेच असतात. वरच्या पोटाला शेक असेल तर उलटीचा धोका मध्यम धरतात, पेल्व्हिसला, म्हणजे ओटीपोटाला, कमी, आणि पूर्ण शरीराला असेल तर खूप. उंदरांना उलटी करताच येत नाही त्यामुळे हे प्रयोग फेरेट नावाच्या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्यावर झाले.

ऑन्डॅन्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन ही औषधं हाच रिसेप्टर अडवतात, आणि ती शेकाच्या आधी घ्यायची असतात. उलटी सुरू झाल्यावर गोळी दिली तर ती पोटात टिकायची कशी? डॉक्टरांना वेळेबद्दल जरूर विचारा, पुष्कळदा औषध बरोबर असतं आणि वेळ चुकलेली असते. या औषधांनी बद्धकोष्ठ होऊ शकतो तेही लक्षात असू द्या.

प्रश्न: मला प्रोस्टेटसाठी शेक घेऊन काही वर्षं झाली. कॅन्सर आटोक्यात आहे पण संडासची एकदम घाई होते, थांबवताच येत नाही, खाली दुखतंही. तपासणीत विशेष काही नाही म्हणतात, घरच्यांना वाटतं मनाचे खेळ आहेत.

मनाचे खेळ नाहीत. उशिराचा त्रास शेकानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनीसुद्धा येतो आणि त्यात गुदाशयाची भिंत ताठर होते. पूर्वी ती फुग्यासारखी ताणली जायची, बरंच साठलं तरी मेंदूला कळवायची गरज नसायची, आता थोड्याशाने ताण येतो आणि ताण मोजणाऱ्या नर्व्ह लगेच ओरडतात. त्यातून भिंतीतल्या नर्व्हच्या जाळ्यातही रेडिएशनने बदल झालेले असू शकतात. दुर्बिणीतून हे दिसत नाही, दुर्बीण अस्तराचा रंग बघते, भिंत किती ताणते आणि नर्व्ह किती हळव्या झाल्यात ते तिला कसं कळणार!

पण सगळं नर्व्हवर ढकलून मोकळे होऊ नका, कारण यातली काही कारणं साधी आणि बरी होणारी असतात, आणि माझी तक्रार हीच आहे की ती शोधलीच जात नाहीत. शेकाच्या टप्प्यात लहान आतड्याचं शेवटचं टोक आलं असेल तर पित्ताचे क्षार शोषले जात नाहीत, ते मोठ्या आतड्यात उतरून पातळ आणि घाईची होते, त्यावर कोलेस्टिरामिनसारखं पित्त बांधणारं औषध चालतं. बी१२ पण तिथेच शोषलं जातं, त्याची रक्ततपासणी करून घ्या. लहान आतड्यात जिवाणू जास्त वाढले असतील तर अँटिबायोटिकने फरक पडतो. दुधाने त्रास वाढतो का तेही बघा. लोपेरामाइड ही जुलाब आवरणारी गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर जास्त उपयोगी पडते. पेल्व्हिक फ्लोअरचे व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, तेही गाठा.

एक महत्त्वाचं. पुन्हा दुर्बीण घालणार असतील तर आधी सांगा की प्रोस्टेटचा शेक झालाय. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतून गरज नसताना तुकडा काढला तर ती जखम सहज भरत नाही, कधी कधी तिथे भोकही पडतं.

प्रश्न: एवढं सगळं कळलंय तर नर्व्हवर काम करणारं औषध देऊन आतडं का वाचवत नाहीत?

कारण वर लिहिलेलंच. नर्व्ह बंद केली तर शेकाच्या दिवसांत अस्तर उघडं पडणार, चालू ठेवली तर पुढे व्रण वाढणार, आणि शेक तर पाच आठवडे चालतो, म्हणजे सुरुवातीची इजा आणि दुरुस्ती एकमेकांत मिसळलेली. कधी काय बंद करायचं ते ठरवणं म्हणूनच कठीण. उंदरांच्या आतड्याच्या एका तुकड्याला मोजून डोस देता येतो, माणसाचं आतडं रोज थोडं हलतं, आज जो भाग शेकात आला तो उद्या नसेल.

दुसरं, प्रयोगशाळेत छान वाटलेलं माणसात चालतंच असं नाही. ऑक्ट्रिओटाइड हे आतड्यातले स्राव कमी करणारं औषध पेल्व्हिक रेडिएशनमध्ये आधीपासून देऊन पाहिलं, चाचणीत जुलाब टळले नाहीत. आज घडीला सगळ्यात जास्त उपयोग होतो तो मशीनवरच्या प्लॅनिंगचा, आयएमआरटीसारख्या, किरणांचा झोत हव्या त्या आकारात वळवणाऱ्या तंत्राने आतड्याला डोसच कमी द्यायचा, मूत्राशय भरलेलं ठेवून आतडं वर सरकवायचं. ते तुम्हाला पाणी पिऊन ताटकळत बसवतात ना, ते उगाच नाही.

प्रश्न: मी मायग्रेनसाठी महिन्याला सीजीआरपी अडवणारं इंजेक्शन घेते. आता पेल्व्हिसला रेडिएशन सुचवलंय. इंजेक्शन थांबवू का?

स्वतःहून नको. ही इंजेक्शनं २०१८ पासून वापरात आहेत आणि एरेनुमॅबसारख्या औषधात बद्धकोष्ठ हा माहीत असलेला साइड इफेक्ट आहे, म्हणजे आतड्यावर त्यांचा परिणाम होतो हे उघडच आहे. उंदरांमधला निकाल वर वाचलाच असेल, पण त्यावरून तुमचं इंजेक्शन बंद करायला सांगणं हा आगाऊपणा होईल. शिवाय ही औषधं अंगात कित्येक आठवडे राहतात, शेकाच्या आदल्या आठवड्यात डोस चुकवून काही साधणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट आणि रेडिएशनचे डॉक्टर या दोघांनाही एकमेकांच्या औषधांची माहिती द्या, इंजेक्शनचं नाव आणि शेवटच्या डोसची तारीख कागदावर लिहून न्या आणि बद्धकोष्ठासाठी आधीपासून काही घेत असाल तर तेही त्यात लिहा, कारण तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले की ते बंद करावं लागेल.